लाल फुगा, काळा गडगा
(वाचकांचे प्रश्न, चित्रकलेच्या बाईंची उत्तरं)

गेल्या अंकात अल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘द रेड बलून’ या १९५६ सालच्या लघुपटावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं पान त्यांनाच देते आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगून टाकते. पॅरिसमधला पास्काल नावाचा मुलगा शाळेत जाताना दिव्याच्या खांबाला अडकलेला लाल फुगा सोडवतो. फुगा त्याच्या मागे मागे फिरू लागतो. शाळेत, रस्त्यावर, चर्चमध्ये मोठ्या माणसांना तो खपत नाही, आणि गल्लीतल्या पोरांना तो हवा असतो. शेवटी ती पोरं बेचकीनं त्याला फोडतात. मग शहरभरातले सगळे फुगे आपापल्या मालकांच्या हातून सुटून पास्कालकडे येतात आणि त्याला वर घेऊन जातात. चौतीस-पस्तीस मिनिटांचा खेळ, संवाद जवळजवळ नाहीत. तरी १९५७ साली त्याला सर्वोत्तम मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. पटकथा म्हणजे संवाद असं समजणाऱ्या आपल्या नाट्यस्पर्धांच्या परीक्षकांनी हे एकदा वाचावं.

देवगड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या एक शिक्षिका लिहितात:

“बाई, तिसरी-चौथीच्या मुलांना आम्ही चित्रपट दाखवला. संपल्यावर कुणीच काही बोललं नाही. एका मुलानं फक्त ‘बाई, फुगो मेलो काय?’ एवढंच विचारलं. मी ‘या चित्रपटातून काय बोध मिळतो?’ असा स्वाध्याय तयार केला आहे. आणखी कोणते प्रश्न घालू? शिवाय आमच्या वर्गात रंग फारच फिके दिसत होते. फुगा गुलाबी वाटत होता.”

फिक्या रंगाचं आधी बघू, कारण ते दुरुस्त होणारं आहे. तुमच्या वर्गाला कौलं असणार, आणि कौलांच्या फटींतून, दाराच्या वरून उजेड येत असणार. तो उजेड पडद्यावर पडला की काळं राखाडी होतं, राखाडी पांढुरकं होतं आणि लाल गुलाबी होतो. एखादा विनोदी सिनेमा असता तर चाललं असतं. इथे मात्र सगळा खेळच राखाडी आणि लाल यांच्यातला आहे. तेव्हा खिडक्यांना गोणपाट लावा, नाहीतर पालकांना बोलावून संध्याकाळी सातनंतर दाखवा. भिंतीवर दाखवणार असाल तर पिवळट डिस्टेंपरची भिंत नको. पांढरी चादर घ्या, इस्त्री केलेली.

आता स्वाध्याय. तो बाजूला ठेवा, अशी हात जोडून विनंती. मुलं गप्प बसली म्हणजे त्यांना कळलं नाही असं आपण शिक्षक धरून चालतो, आणि लगेच गाळलेल्या जागा भरायला देतो. ज्या एकानं तोंड उघडलं त्यानं केवढा प्रश्न विचारलाय बघा. “फुगा फुटला काय” असं त्यानं विचारलं नाही. अर्ध्या तासात एका रबराच्या पिशवीला त्यानं जिवंत धरलं होतं, आणि हे करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता “प्राणिमात्रांवर प्रेम करावे” हे फळ्यावर लिहिलंत की त्याच्या हातातली वस्तू तुम्ही काढून घेतलीत.

त्याऐवजी चित्र काढायला द्या, पण वर्गातली रंगपेटी बंद ठेवून. प्रत्येकाला एक पेन्सिल आणि एकच तेलखडू. कुठला, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. विषय असा द्या: तो फुगा आपल्या गावात आला असता तर पहिल्यांदा कुठे अडकला असता? माडाच्या झावळीला, एसटीच्या थांब्यावर, देवळाच्या दीपमाळेला, कुणाच्या तरी मांगरावर. माझ्या नोकरीच्या वर्षांत असले विषय दिले की वर्गातली अगदी मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे यायची, कारण गावातली अडकायची ठिकाणं त्यांनाच जास्त ठाऊक असतात. एकच खडू हाती असला की मूल विचार करतं, तो कुठे वापरायचा. बारा खडू दिले की आभाळ निळं, डोंगर हिरवे, मधून सूर्य, संपलं.

आणि त्या मुलाला उत्तर द्या. “हो, मेला,” एवढंच.

रत्नागिरीच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचं पत्र लांबलचक आहे. त्यातला मुद्द्याचा भाग:

“आम्ही मित्र मोबाइलवर तसाच लघुपट आमच्या गावात करणार आहोत. लाल फुगा ठेवला तर नक्कल वाटेल म्हणून रंग बदलायचा आहे. कोकणात कुठला रंग उठून दिसेल?”

बाळा, तू प्रश्न उलट्या टोकाकडून धरला आहेस. रंग आधी ठरवायचा नाही. जागा आणि ऋतू आधी.

लामोरिसचा फुगा लाल आहे म्हणून आपल्या लक्षात राहिला नाही. तो ज्या वस्तीतून फिरतो, पॅरिसच्या पूर्वेकडच्या बेलव्हिल-मेनिलमाँताँ भागातून, तिथल्या भिंती धुरकट आहेत, रस्त्यावरचे दगड ओले राखाडी, माणसांचे कोट काळे-करडे, आणि पास्कालचे कपडेसुद्धा राखाडी. या सगळ्यावर तो लाल गोळा ठेवलेला आहे. फोटोग्राफी एदमाँ सेशां याची. राखाडी रंग स्वतः काही बोलत नाही, त्यामुळे शेजारी जे असेल ते मोठ्यानं बोलतं. हे शास्त्रही पॅरिसमध्येच घडलं. मिशेल शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ गोबलँ इथल्या गालिचे-पडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथले विणकर तक्रार करत की काळा धागा हवा तेवढा काळा दिसत नाही. शेव्हरलनं रंग तपासला तर रंग चोख. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. कुठलाही रंग शेजाऱ्यामुळे बदललेला दिसतो, हे त्यानं १८३९ साली जाडजूड पुस्तक लिहून मांडलं. आपल्या चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत विरोधी रंगसंगती म्हणून जी पाठ केली जाते, तिच्यामागे त्याचं मोठं काम आहे.

आता कोकणाकडे बघ. पॅरिसच्या त्या वस्तीत लाल दुर्मीळ होता. आपल्याकडे लाल कुठे नाही? माती लाल, खाणीतून काढलेला चिरा (जांभा दगड) लाल, मंगलोरी कौलं लाल, एसटी लाल, परसातली जास्वंद लाल, मे महिन्यात अंगणात वाळत टाकलेली आमसुलं लालकाळी. शाळेच्या वाटेवर उडालेला धुरळा गणवेशावर बसतो तोही लाल. एप्रिल-मे महिन्यात नव्या चिऱ्याच्या भिंतीपुढे तू लाल फुगा धरलास तर तो दिसणारच नाही. श्रावणात भातशेतीपुढे धरलास तर दिसेल, भलताच दिसेल. हिरव्यावर लाल म्हणजे रंगचक्राची दोन टोकं. पाच मिनिटं ते छान वाटतं, पंधरा मिनिटांनी डोळे दुखतात.

मग काय करायचं? मी तुझ्या जागी असते तर रंग लालच ठेवला असता आणि जुनी पाणंद शोधली असती. नवा चिरा लाल असतो हे खरं, पण तोच दगड गडग्यात (कुंपणाच्या दगडी भिंतीत) रचून वर्षानुवर्षं पावसात राहिला की शेवाळ आणि दगडफूल चढून काळा पडतो. दोन्ही बाजूंना छातीइतके काळे गडगे, मधून चिंचोळी वाट, वर झाडांची झाक. राजापूर, पावस, आडिवरे, कुठल्याही जुन्या वाडीत अशा पाणंदी अजून आहेत, जिथे सिमेंटची पाखाडी झाली नसेल तिथे. ढगाळ सकाळी तिथे उभा राहा. सावली नाही, चकाकी नाही, सगळं करडं-काळं. त्या वाटेनं लाल फुगा येऊ दे. तुझ्या प्रेक्षकांना हेही जाणवेल की ही भिंतही कधीकाळी याच रंगाची होती. पॅरिसवाल्याला हे मिळालं नसतं. तेव्हा नक्कल होईल ही भीती सोड.

दुसरी जागा जूनमधलं बंदर. मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, समुद्र, आभाळ आणि ओली वाळू एकाच रंगाची. चित्र म्हणून अप्रतिम, पण त्या वाऱ्यात फुगा तुझ्या हाती लागणार नाही. तिथे एखादंच दृश्य ठेव.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर लक्षात ठेव: पाऊस संपल्यानंतरच्या महिन्यांत किनाऱ्यावर पहाटे मतलई वारा जमिनीकडून हलकेच वाहतो, ऊन तापलं की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी चांगलाच जोर धरतो. दोन्हींच्या मधे सकाळी हवा जवळजवळ थांबते. तुमचं काम तेवढ्या वेळात. दोरा तंगूसचा (मासेमारीचा नायलॉनचा) वापरा, कुठल्याही कोळीवाड्यात मिळेल. ढगाळ उजेडात तो दिसत नाही, उन्हात मात्र चमकतो आणि सगळं बिंग फोडतो.

मोबाइलच्या दोन गोष्टी. एक, कॅमेरा आपणहून उजेड आणि रंग जुळवत राहतो. फुगा चौकटीत आला की मागची भिंत बदलते, गेला की परत बदलते. पडद्यावर बोट दाबून धरून उजेड कुलूपबंद करा, आणि ज्या अॅपमध्ये व्हाइट बॅलन्स हातानं ठरवता येतो ते घ्या. दोन, भडक लाल मोबाइलला झेपत नाही. फुग्याचा गोलवा जाऊन सपाट लाल टिकली उरते. उजेड जरा कमी ठेवा म्हणजे फुग्यावरची चमक आणि सावलीकडची बाजू वेगळी राहील. लामोरिसच्या फुग्यात आपल्याला जीव वाटतो, त्याला त्याच्या अंगावरची ती चमकही कारण आहे.

आणखी एक सांगते, मग तुला सोडते. पूर्ण चित्रपटात लाल सोडून दुसरा फुगा ठळकपणे एकदाच येतो, एका छोट्या मुलीच्या हातातला निळा. ती मुलगी दिग्दर्शकाची लेक साबीन, आणि पास्काल हा त्याचाच मुलगा. निळा फुगा लाल फुग्याच्या मागे जाऊ बघतो, दोन क्षण गंमत होते, संपतं. बाकी सगळा संयम. अर्धा तास असा उपास घडवल्यावर शेवटी पिवळे, हिरवे, निळे, केशरी फुगे छपरांवरून येतात, तेव्हा त्या पारण्याला चव येते. तुमच्या पटकथेत पहिल्याच दृश्यात होळी, दुसऱ्यात दशावतार, तिसऱ्यात गणपती आहे असं तू लिहिलंयस. तिन्ही काढ. फार तर एक शेवटाला ठेव.

चिपळूणचे एक बाबा विचारतात:

“माझी पाच वर्षांची मुलगी फुगा फुटल्यावर इतकी रडली की शेवट तिनं पाहिलाच नाही. माझी आई म्हणाली, असलं क्रूर काही लहानांना दाखवू नये. तुम्ही चित्रपट सर्व वयांसाठी म्हणून सुचवला होता.”

सुचवला होता आणि अजूनही सुचवते. मात्र पाच वर्षांच्या मुलीला एकटीला टॅबवर लावून देऊ नका, मांडीवर घेऊन बसा. तुमच्या पत्रात कोण शेजारी होतं त्याचा उल्लेख नाही.

तो प्रसंग हळू आहे, म्हणून लागतो. फुगा फट्कन फुटत नाही. दगड लागतो, त्याच्यातली हवा जाऊ लागते, कातडी सुरकुतते, चमक जाते, तो खाली येतो, आणि मग एक मुलगा त्याच्यावर पाय देतो. रक्त नाही, आरडाओरडा नाही. मुलांना एरवी पडद्यावर मरण दिसतं ते गाड्या उडतात तसं, एका सेकंदात आणि कुणाचंच नाही. इथे कुणाचं तरी आहे. रडली, बरोबर केलं तिनं. त्यावर लगेच “आपण बाजारातून नवा आणू हं” म्हणू नका, कारण तिला तो फुगा हवाय. आठवडाभरानं तिनं आपणहून विषय काढला तर शेवटची काही मिनिटं तिला दाखवा. नाही काढला तर राहू दे.

आणि आईंना माझा नमस्कार सांगून एवढंच विचारा, की शेणाचं घर वाहून गेल्यावर कावळा चिमणीच्या दाराशी आला, त्याचं पुढे त्यांच्या गोष्टीत काय व्हायचं? माझ्या आजीच्या गोष्टीत तो चुलीच्या तव्यावर बसून भाजायचा. आम्ही भावंडं ती गोष्ट रोज मागायचो.

गुहागरहून सहावीतल्या एका मुलानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय:

“माझे वजन २८ किलो आहे. मला उडायला किती फुगे लागतील? आणि फुगा त्या मुलाच्या मागे कसा चालतो? तेव्हा कॉम्प्युटर नव्हते असे बाबा म्हणतात.”

शाब्बास. चल, गणित करू. फुगा ३० सेंटिमीटर व्यासाचा धर. त्यात साधारण १४ लिटर वायू मावतो. एक लिटर हेलियम जवळजवळ एक ग्रॅम वजन उचलतो, म्हणजे १४ ग्रॅम. त्यातलं तीनेक ग्रॅम खुद्द रबराचं. उरले ११. तुझे २८ किलो म्हणजे २८,००० ग्रॅम, भागिले ११. अडीच हजारांहून थोडे जास्त फुगे, दोऱ्यांचं वजन वेगळं. आता शेवटचं दृश्य पुन्हा बघ आणि पास्कालच्या डोक्यावरचे फुगे मोज. तो तुझ्याहून हलका आहे, पण इतकाही नाही. म्हणजे तिथे दुसरी काहीतरी युक्ती आहे, हे तुला भागाकारानं दाखवून दिलं.

फुग्याच्या चालण्याचं म्हणशील तर बाबा म्हणतात ते खरं, कॉम्प्युटर नव्हते. बारीक दोरा, माणसांचे सराईत हात आणि भरपूर चिकाटी. एकाच फुग्यावर एवढं चित्रीकरण होत नाही, तेव्हा फुगेही अनेक. पण एक गोष्ट तू नीट बघ. आधी मुलाचा चेहरा, मग कापून फुग्याचं चित्र, मग परत मुलगा, असं त्यांनी बहुतेक ठिकाणी केलेलं नाही. मुलगा आणि फुगा एकाच चौकटीत आहेत. मुलगा हात पुढे करतो, फुगा मागे सरतो, आणि हे तुझ्यासमोर एका दमात घडतं. आंद्रे बाझाँ नावाचा फ्रेंच समीक्षक होता, त्यानं या चित्रपटावर लिहिताना हाच मुद्दा धरला होता: युक्ती आहे, पण ती कॅमेऱ्यासमोर घडलेली आहे, कात्रीनं जोडलेली नाही, म्हणून आपला विश्वास बसतो. जत्रेतला जादूगार दोन्ही बाह्या वर करून दाखवतो ना, त्याचं कारणही हेच.

दापोली भागातल्या एका तरुण मंडळाला बालदिनाला किनाऱ्यावर चित्रपट दाखवून, नंतर दोनशे गॅसचे फुगे मुलांच्या हातून आभाळात सोडायचे आहेत. “फोटो सुंदर येतील. आपलं मत?”

माझं मत नको असं आहे. कल्पना कुणाच्याही मनात येईल अशीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सोडलेला फुगा कुठेतरी खाली येतोच, आणि किनाऱ्यावरून सोडलेले बरेच समुद्रात येतात. पाण्यावर तरंगणारं रबराचं फाटकं लक्तर कासवाला जेलीफिशसारखं दिसतं आणि ते गिळतं. तुमच्या जवळच वेळास, आंजर्ले, केळशी. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्यासाठी तिथली गावं रात्र रात्र जागतात, पिल्लं समुद्रात जाताना बघायला लांबून माणसं येतात. त्याच किनाऱ्यावर तुम्ही दोनशे रबरी तुकडे पाठवणार. दोऱ्या तर आणखी वाईट, त्या पायाला आणि पंखाला गुंडाळतात.

दुसरं, जत्रेतल्या फुगेवाल्याकडचा गॅस कित्येकदा हेलियम नसून हायड्रोजन असतो. तो स्वस्त पडतो, कॉस्टिक सोडा आणि अॅल्युमिनियमपासून जागेवरच तयार करतात. ठिणगी लागली की पेट घेतो, आणि टाकीच फुटण्याचे अपघातही झालेले आहेत. मुलांच्या घोळक्यात ती टाकी नको. एक मोठा लाल फुगा आणा, हेलियमचा, पक्क्या दोरीला बांधलेला. प्रत्येक मुलानं तो धरून दहा पावलं चालायचं आणि पुढच्याच्या हाती द्यायचा. फोटो तेव्हाही चांगले येतील.

सावंतवाडीच्या एका ज्येष्ठ वाचकांनी चार पानं लिहून फुगा म्हणजे ख्रिस्त, पोरं म्हणजे मारेकरी, शेवट म्हणजे स्वर्गारोहण असं मांडलंय. “ही रूपककथा आहे हे आपण का लिहिलं नाहीत?”

असा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत, आणि चर्चचा प्रसंग, छळ, शेवटचं वर जाणं हे सगळं चित्रपटात आहे, तेव्हा तुम्ही हवेतलं बोलत नाही. मला तो अर्थ लागू पडतो पण उपयोगी पडत नाही. अर्थ लागला की आपण फुग्याकडे बघायचं थांबतो. जुन्या बाजारात तो आरशापुढे रेंगाळतो आणि पास्काल एका मुलीच्या मोठ्या चित्रापुढे थबकतो, हे तुमच्या चार पानांत कुठे बसलेलं मला दिसलं नाही. माझ्या लेखी तोच चित्रपटाचा गाभा आहे: दोघं आपापल्या आवडीचं बघत उभे आहेत आणि कुणाला घाई नाही.

ज्यांना चित्रपट अजिबात आवडला नाही असेही होते. पुढे दिग्दर्शक झालेला फ्राँस्वा त्रुफो तेव्हा समीक्षा लिहीत असे, त्याला हा फुगा खोटा वाटला. वस्तूला माणसासारखं वागायला लावणं हीच त्याला लबाडी वाटली. मला त्याचं म्हणणं पटत नाही, पण दर वेळी चित्रपट बघताना ते आठवतं, आणि दोन ठिकाणी, विशेषतः फुगा मुख्याध्यापकांची खोडी काढतो तिथे, मी थोडी त्याच्या बाजूला सरकते.

छोट्या प्रश्नांना छोटी उत्तरं.

त्या गल्ल्या आज बघायला मिळतील का? (मालवण) बहुतेक नाही. चित्रपटात दिसणाऱ्या वस्तीचा मोठा भाग नंतर पाडला गेला. तिथल्या टेकडीवर १९८८ साली बेलव्हिल उद्यान झालं. म्हणजे हा चित्रपट आता त्या वस्तीचा दस्तऐवजही आहे. तुमच्या बाजारपेठेचे, जेट्टीचे जुने फोटो कुणाकडे असतील तर जपा.

लामोरिस यांनीच तो जग जिंकायचा पटावरचा खेळ काढला हे खरं का? (रत्नागिरी) खरं. १९५७ साली फ्रान्समध्ये तो बाजारात आला, पुढे ‘रिस्क’ या नावानं जगभर गेला. लाल फुग्याच्या आदल्या-पुढच्या वर्षांत एका डोक्यात दोन्ही होतं, मला तर मौज वाटते. त्यांचं निधन १९७० साली इराणमध्ये चित्रीकरण करताना हेलिकॉप्टरच्या अपघातात झालं.

चित्रपटाला कान महोत्सवाचं बक्षीस होतं का? (कणकवली) हो, १९५६ साली लघुपटांतलं सर्वोच्च.

मुलांना यानंतर लामोरिसचं दुसरं काय दाखवावं? (वेंगुर्ला)

सगळे जण ‘व्हाइट मेन’ (White Mane, म्हणजे पांढरी आयाळ) सुचवतील. १९५३ सालचा, कृष्णधवल, दक्षिण फ्रान्समधल्या कामार्गच्या पाणथळ प्रदेशातला. एक कोळ्याचं पोर आणि एक रानटी पांढरा घोडा. चित्र म्हणून तो लाल फुग्यापेक्षा कांकणभर सरस आहे. घोडा पडद्यावर एक दिसतो, चित्रीकरणात मात्र अनेक घोडे वापरले होते. वाळू, चिखल, खाडीच्या तोंडाशी असतं तसं उथळ पाणी, जाळी, सगळं तुमच्या मुलांच्या ओळखीचं निघेल.

तरीही वेंगुर्ल्यात दाखवताना जरा थांबा. शेवटी मुलगा आणि घोडा माणसांपासून पळत पाण्यात शिरतात आणि लाटांवरून दूर जात राहतात. निवेदक सांगतो की ते अशा बेटावर जाणार जिथे घोडे आणि माणसं मित्र असतात. पॅरिसच्या किंवा पुण्याच्या मुलाला हे पटेल. बंदरावर वाढलेली मुलं निवेदकाचं ऐकणार नाहीत. भरतीला माणूस किती दूर पोहून जाऊ शकतो हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं, आणि एखाद्याच्या घरातलं कुणी परत आलेलंही नसतं. तेव्हा वर्गात कोण कोण बसलंय ते आधी बघा. सहावी-सातवीला दाखवा, तिसरी-चौथीला नको. दाखवल्यावर कुणी विचारलं, “बाई, ते बुडाले ना?” तर निवेदकाची बाजू घेऊ नका.